व्हर्जिनियातील मॅग्नेट शाळा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ज्या सार्वजनिक माध्यमिक शाळांत राहत्या पत्त्याऐवजी अर्ज आणि निवड यांच्या आधारे प्रवेश मिळतो आणि ज्यांचा अभ्यासक्रम विज्ञान, कला, शासनव्यवहार यांसारख्या एखाद्या विषयाभोवती आखलेला असतो, त्यांना मॅग्नेट शाळा म्हणतात. यांतील अनेक शाळा ‘गव्हर्नर्स स्कूल’ या राज्यपुरस्कृत योजनेत मोडतात. शैक्षणिक वर्षभर चालणाऱ्या अशा १९ गव्हर्नर्स स्कूल राज्यात आहेत. फेअरफॅक्स काउंटीतील थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शाळा होय. रिचमंडमधील मॅगी एल. वॉकर गव्हर्नर्स स्कूल, पीटर्सबर्गमधील अ‍ॅपोमॅटॉक्स रीजनल गव्हर्नर्स स्कूल आणि नॉरफोकमधील गव्हर्नर्स स्कूल फॉर द आर्ट्स या इतर परिचित शाळा आहेत.

या शाळांची परस्परांशी तुलना पालक, वृत्तपत्रे आणि क्रमवारी लावणाऱ्या संस्था नेहमी करीत असतात. परंतु त्यांचा प्रशासकीय दर्जा, शाळेचे तास आणि प्रवेशाची रीत इतकी भिन्न आहे की, एकाच मोजपट्टीने मोजू गेल्यास शाळेपेक्षा तिच्या दाराशी लावलेली चाळणीच मोजली जाते. थॉमस जेफरसन शाळेच्या प्रवेशपद्धतीवरून २०२० नंतर झालेला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलेला वाद याच चाळणीचा होता.

संज्ञा

‘मॅग्नेट’ म्हणजे चुंबक. विद्यार्थ्यांना सक्तीने दुसऱ्या वस्तीतील शाळेत पाठविण्याऐवजी त्या शाळेतच असे काही ठेवावे की विद्यार्थी आपणहून खेचले जातील, ही कल्पना या नावामागे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचे विभक्त शिक्षण संपविण्याचा एक ऐच्छिक उपाय म्हणून ती अमेरिकेत पुढे आली. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहरात १९६८ साली सुरू झालेली मॅकार्व्हर प्राथमिक शाळा ही या प्रकारची पहिली शाळा मानली जाते.

व्हर्जिनियात मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने रुजला. येथील प्रमुख मॅग्नेट शाळा ‘बुद्धिमान विद्यार्थ्यांचे शिक्षण’ या धोरणातून निर्माण झाल्या. विभक्तता संपविणे हा त्यांचा घोषित हेतू नव्हता. ‘गव्हर्नर्स स्कूल’ या नावातील गव्हर्नर म्हणजे राज्याचा निवडून आलेला कार्यकारी प्रमुख. भारतातील राज्यपालापेक्षा त्याचे स्थान मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळचे आहे.

तुलनेच्या दृष्टीने राज्याची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. व्हर्जिनियात ९५ काउंटी आणि ३८ स्वतंत्र शहरे आहेत, आणि ही शहरे कोणत्याही काउंटीत मोडत नाहीत. शालेय विभाग साधारणपणे याच सीमांवर आखलेले आहेत. शालेय मंडळांना स्वतः कर आकारता येत नाही. त्यांना काउंटीच्या किंवा शहराच्या निर्वाचित मंडळाकडून पैसा घ्यावा लागतो. त्यामुळे शेजारच्या दोन विभागांतील मुले एका शाळेत आणायची, तर दोन्हीकडच्या तिजोऱ्या आणि दोन्हीकडचे राजकारण यांची सांगड घालावी लागते. गव्हर्नर्स स्कूल या बहुधा अनेक विभागांनी मिळून चालविलेल्या प्रादेशिक शाळा असतात, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

पार्श्वभूमी

हुशार मुले निवडून सार्वजनिक खर्चाने शिकविण्याची कल्पना या राज्यात जुनी आहे. थॉमस जेफरसन यांनी १७७९ मध्ये तयार केलेल्या शिक्षणविषयक विधेयकात सर्व स्वतंत्र मुलामुलींना प्रारंभिक शिक्षण मोफत द्यावे आणि गरीब घरच्या मुलग्यांतून टप्प्याटप्प्याने निवड करीत अगदी मोजक्यांना महाविद्यालयापर्यंत न्यावे, अशी योजना होती. विधिमंडळाने ती त्या स्वरूपात स्वीकारली नाही. गुलामगिरीत असलेल्यांच्या मुलांना त्या योजनेत स्थान नव्हते, आणि जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हर्जिनियातील शाळा कायद्यानेच वर्णभेदावर आधारलेल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी प्रिन्स एडवर्ड काउंटीतील फार्मव्हिल येथे रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी, सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिच्या नेतृत्वाखाली, शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध संप केला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात समाविष्ट झाला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरविल्या. राज्याच्या नेतृत्वाने या निकालाला ‘प्रचंड प्रतिकार’ या नावाने ओळखले जाणारे धोरण स्वीकारून विरोध केला. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटी येथील शाळा काही महिने बंद ठेवण्यात आल्या. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सार्वजनिक शाळा उघडल्याच नाहीत.

पालकांना शाळा निवडू द्या म्हणजे प्रश्न आपोआप सुटेल, हा युक्तिवादही याच राज्यात तपासला गेला. न्यू केंट काउंटीच्या ‘निवडस्वातंत्र्य’ योजनेखाली एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नव्हती. १९६८ च्या ‘ग्रीन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना अपुरी ठरविली. केवळ दार उघडे ठेवल्याने मुले त्यातून जात नाहीत, हा या खटल्याचा अनुभव पुढच्या काळातील मॅग्नेट कल्पनेशी थेट संबंधित आहे.

रिचमंडमध्ये प्रश्न सीमांचा होता. शहरातील शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुसंख्य होत गेले, तर सभोवतीच्या हेन्रायको आणि चेस्टरफील्ड काउंटींत गोरी कुटुंबे स्थायिक झाली. जानेवारी १९७२ मध्ये संघीय न्यायाधीश रॉबर्ट मेरिज यांनी तिन्ही शालेय विभाग एकत्र करण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने तो त्याच वर्षी फिरविला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चारास चार अशी समसमान विभागणी झाल्याने अपील न्यायालयाचाच निर्णय कायम राहिला. नववे न्यायमूर्ती लुईस पॉवेल हे पूर्वी रिचमंडच्या शालेय मंडळाचे अध्यक्ष असल्याने त्यांनी या खटल्यात भाग घेतला नव्हता.

याच वर्षांत लिनवुड होल्टन हे गव्हर्नर होते (१९७०–१९७४). १९७० मध्ये रिचमंडमध्ये बसने विद्यार्थ्यांची अदलाबदल सुरू झाली, तेव्हा त्यांनी आपली मुले खासगी शाळेत न पाठविता बहुसंख्य कृष्णवर्णीय विद्यार्थी असलेल्या सार्वजनिक शाळांत घातली. मुलीला शाळेच्या दारापर्यंत पोहोचवितानाचे त्यांचे छायाचित्र देशभर प्रसिद्ध झाले. राज्यातील पहिल्या गव्हर्नर्स स्कूल, म्हणजे बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी निवासी वर्ग, १९७३ मध्ये होल्टन यांनीच सुरू केले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असल्या तरी धोरण म्हणून त्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. वर्षभर चालणाऱ्या शाळांचा आरंभ १९८५ मध्ये झाला.

थॉमस जेफरसन हायस्कूल

ही शाळा टपालाच्या पत्त्याने अलेक्झांड्रियाची असली, तरी अलेक्झांड्रिया शहराच्या हद्दीबाहेर, फेअरफॅक्स काउंटीत आहे. १९६४ मध्ये उघडलेल्या एका सामान्य हायस्कूलच्या इमारतीत १९८५ पासून विज्ञान व तंत्रज्ञानाची ही विशेष शाळा सुरू झाली. ती फेअरफॅक्स काउंटीचे शालेय मंडळ चालविते. आर्लिंग्टन, लाउडन व प्रिन्स विल्यम या काउंटी आणि फेअरफॅक्स व फॉल्स चर्च ही शहरे येथूनही विद्यार्थी येतात. त्यांचा खर्च त्या त्या विभागाने फेअरफॅक्सला द्यायचा असतो.

नववीत जीवशास्त्र, इंग्रजी आणि तंत्रज्ञान हे विषय एकत्र गुंफून शिकविले जातात. बारावीत प्रत्येक विद्यार्थ्याला खगोलशास्त्र, समुद्रविज्ञान, मज्जाविज्ञान, रोबोटिक्स, संगणकप्रणाली अशा एखाद्या प्रयोगशाळेत संशोधनप्रकल्प करावा लागतो. १९८८ मध्ये शाळेच्या संघाने एका राष्ट्रीय स्पर्धेत ईटीए-१० हा महासंगणक जिंकला. विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘टीजे३सॅट’ हा लहान उपग्रह नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हर्जिनियाच्याच वॉलॉप्स बेटावरून सोडण्यात आला. माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला अवकाशात गेलेला तो पहिला उपग्रह मानला जातो. दूरच्या काउंटींतून येणाऱ्या मुलांचा प्रवास एका वेळेस तासाहून अधिक होतो. शाळा सुटल्यावर थांबणे त्यांना अवघड जाते, म्हणून विविध मंडळांचे उपक्रम शाळेच्या वेळेतच ‘आठव्या तासिके’त घेतले जातात. शाळेच्या वैशिष्ट्यांत महासंगणकाचा उल्लेख नेहमी होतो, या तासिकेचा क्वचितच. पण प्रादेशिक शाळा चालते ती अशा व्यवस्थेच्या बळावर.

प्रवेशाचा वाद

२०२० पर्यंत प्रवेशासाठी प्रमाणित लेखी परीक्षा होती आणि अर्जासाठी १०० डॉलर शुल्क घेतले जात असे. परीक्षेच्या तयारीचे खासगी वर्ग उत्तर व्हर्जिनियात भरभराटीस आले होते. निवडलेले बहुसंख्य विद्यार्थी मूठभर पूर्वमाध्यमिक शाळांतून येत, आणि काही शाळांतून वर्षानुवर्षे एकही विद्यार्थी निवडला जात नसे. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या नगण्य संख्येबद्दल २०१२ मध्येच संघीय शिक्षण विभागाकडे तक्रार करण्यात आली होती. २०२० मध्ये निवडलेल्या सुमारे ४८० विद्यार्थ्यांत ७३ टक्के आशियाई वंशाचे होते. कृष्णवर्णीयांची संख्या दहाच्याही आत होती. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी एक टक्क्याहून कमी होते.

पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर आंदोलने सुरू असतानाच हे आकडे प्रसिद्ध झाले. शाळा-अधीक्षकांनी प्रथम किमान पात्रता गाठणाऱ्यांत सोडत काढावी असा प्रस्ताव मांडला. तो टिकला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मंडळाने परीक्षा आणि शुल्क रद्द केले, आणि डिसेंबरमध्ये नवी पद्धत स्वीकारली. तीनुसार ४ पैकी किमान ३.५ श्रेणी-सरासरी आणि बीजगणिताचा पूर्वाभ्यास आवश्यक ठरला. प्रत्येक पूर्वमाध्यमिक शाळेतील आठवीच्या विद्यार्थ्यांच्या १.५ टक्के इतक्या जागा त्या शाळेसाठी राखून ठेवण्यात आल्या. उरलेल्या सुमारे शंभर जागा सर्वांसाठी खुल्या राहिल्या. लेखी उत्तरांबरोबर काही परिस्थितिजन्य बाबीही विचारात घेतल्या जाऊ लागल्या: मोफत किंवा सवलतीच्या शालेय जेवणाची पात्रता, इंग्रजी अद्याप शिकत असणे, विशेष शिक्षणाची गरज, पूर्वी अल्प प्रतिनिधित्व असलेली शाळा. जागा ५५० करण्यात आल्या. अर्ज तपासणाऱ्यांना उमेदवाराचे नाव आणि वंश कळत नाही. त्यांच्यासमोर केवळ क्रमांक असतो.

पहिल्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, अर्ज ३,००० च्या वर गेले. निवड झालेल्यांत आशियाई वंशाचे विद्यार्थी ५४ टक्के, गोरे २२ टक्के, हिस्पॅनिक ११ टक्के आणि कृष्णवर्णीय सुमारे ८ टक्के होते. अल्प उत्पन्न गटाचे प्रमाण २५ टक्क्यांवर पोहोचले.

या बदलाविरुद्ध ‘कोअलिशन फॉर टीजे’ ही पालकांची संघटना न्यायालयात गेली. मुंबईत जन्मलेल्या अमेरिकी पत्रकार असरा नोमानी या तिच्या संस्थापकांपैकी एक होत. नियम वरकरणी वंशनिरपेक्ष असले, तरी आशियाई मुलांची संख्या घटविण्यासाठीच ते रचले गेले आणि त्यामुळे चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलेल्या समान संरक्षणाचा भंग होतो, असा संघटनेचा दावा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये संघीय न्यायाधीश क्लॉड हिल्टन यांनी तो मान्य केला. मे २०२३ मध्ये चौथ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हा निर्णय फिरविला. अर्जदारांत आशियाई विद्यार्थी सुमारे ४९ टक्के होते आणि निवडलेल्यांत ५४ टक्के. तेव्हा त्यांना अर्जांच्या प्रमाणाहून अधिकच जागा मिळाल्या, असे बहुमताचे म्हणणे होते. मागील वर्षाशी तुलना करून हानी ठरवायची की अर्जदारांच्या प्रमाणाशी, हा दोन्ही बाजूंतील खरा मतभेद होता. महिनाभरातच सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तरीही २० फेब्रुवारी २०२४ रोजी या शाळेचा खटला ऐकण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी भिन्न मत नोंदविले आणि न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस त्यांच्याशी सहमत झाले. वाद तेथेही संपला नाही. २०२५ मध्ये संघीय शिक्षण विभागाने या प्रवेशपद्धतीची चौकशी सुरू केली.

‘आशियाई विरुद्ध इतर’ अशी या वादाची मांडणी वृत्तपत्रांतून सर्रास झाली, परंतु ती अपुरी आहे. अपील न्यायालयाच्या निकालपत्रातील एक आकडा तिला छेद देतो. २०२० मध्ये अल्प उत्पन्न गटातील एकाच आशियाई विद्यार्थ्याला प्रवेश देऊ करण्यात आला होता. २०२१ मध्ये ही संख्या ५१ झाली. नव्या पद्धतीत ज्यांच्या जागा घटल्या आणि ज्यांच्या वाढल्या, अशी दोन्ही प्रकारची मुले त्याच समाजातील होती. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर भरपूर हुशार मुले एकवटलेल्या शाळेतील विद्यार्थ्याला आपल्याच वर्गातील मुलांशी अधिक तीव्र स्पर्धा करावी लागते, ही तक्रारही निराधार नाही. प्रति-शाळा कोटा कोणताही असो, त्याचा हा अटळ परिणाम असतो.

मॅगी वॉकर गव्हर्नर्स स्कूल

शासनव्यवहार आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास हा या शाळेचा विषय आहे. ती १९९१ मध्ये रिचमंडच्या थॉमस जेफरसन हायस्कूलच्या इमारतीत सुरू झाली. हे हायस्कूल आणि फेअरफॅक्सची शाळा यांत नावापलीकडे साम्य नाही. नामसाधर्म्यामुळे मात्र घोटाळा होतो. २००१ मध्ये ती सध्याच्या जागी आली आणि त्या वास्तूचे नाव तिने धारण केले.

ती वास्तू १९३८ मध्ये, विभक्त शिक्षणाच्या काळात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बांधण्यात आली होती. मॅगी लीना वॉकर (१८६४–१९३४) यांनी १९०३ मध्ये रिचमंडमध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक स्थापन केली. अमेरिकेत बँकेची सनद मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. टेनिसपटू आर्थर अ‍ॅश हे जुन्या मॅगी वॉकर हायस्कूलचे विद्यार्थी होते. शहरातील बंदिस्त टेनिस मैदाने कृष्णवर्णीयांना खुली नसल्याने अखेरच्या वर्षी ते सेंट लुईस येथे गेले.

आजच्या शाळेचा कारभार सहभागी विभागांच्या प्रतिनिधींचे प्रादेशिक मंडळ पाहते. प्रत्येक विभाग ठरावीक जागांचे पैसे भरतो आणि तितकेच विद्यार्थी पाठवितो. परीक्षा, श्रेणी आणि शिफारसपत्रे यांवरून होणारी निवड विभागनिहाय असते, त्यामुळे एका काउंटीत नाकारला गेलेला विद्यार्थी शेजारच्या काउंटीत निवडलाही गेला असता. लॅटिन, जपानी, चिनी, अरबी अशा भाषांचे अध्यापन हे शाळेचे बलस्थान मानले जाते. हेन्रायको, चेस्टरफील्ड आणि रिचमंड येथील मुले येथे एकत्र शिकतात. १९७३ मध्ये न्यायालयात अडलेली सीमा ही शाळा रोज ओलांडते, पण मोजक्या विद्यार्थ्यांपुरतीच. शहराच्या शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुसंख्य असताना, त्यांच्यासाठीच उभारलेल्या या वास्तूत त्यांचे प्रमाण आता अल्प आहे आणि त्यावर स्थानिक पातळीवर वारंवार टीका झाली आहे.

याच शहरातील रिचमंड कम्युनिटी हायस्कूल १९७७ मध्ये उलट दिशेने सुरू झाले. आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या घरांतील हुशार मुले शोधून त्यांना महाविद्यालयासाठी तयार करणे हाच त्याचा स्थापनेपासूनचा हेतू होता. ते गव्हर्नर्स स्कूल नाही, आणि राज्याबाहेर त्याचे नावही फारसे ऐकू येत नाही.

इतर शाळा

पीटर्सबर्ग येथील अ‍ॅपोमॅटॉक्स शाळा (१९९९) पूर्णवेळ आहे. कलाशाखांच्या प्रवेशासाठी तेथे प्रत्यक्ष सादरीकरण किंवा कामाचे नमुने पाहिले जातात. नॉरफोकच्या कलाशाळेतही हीच रीत आहे, परंतु तेथे विद्यार्थी सकाळी आपल्या मूळ शाळेत शिकून दुपारी नृत्य, संगीत, नाट्य यांच्या वर्गांना येतात.

बहुतेक गव्हर्नर्स स्कूल अशाच अर्धवेळ आहेत. रोअनोक, लिंचबर्ग आणि हॅम्पटन येथील विज्ञानशाळांत विद्यार्थी अर्धा दिवस गणित व विज्ञान शिकतात. इतर विषय, खेळ आणि पदवीपत्र मूळ शाळेचेच राहते. चेसापीक बे गव्हर्नर्स स्कूल सागरी व पर्यावरण विज्ञान शिकविते आणि एकाऐवजी अनेक केंद्रांवर चालते. राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, अ‍ॅपलेशियन डोंगराळ प्रदेशात, वस्ती विरळ आणि रस्ते वळणाचे आहेत. तेथे रोज एका इमारतीत मुले जमविणे अव्यवहार्य ठरते. अ‍ॅबिंग्डन येथून चालणारी ए. लिनवुड होल्टन गव्हर्नर्स स्कूल म्हणून ऑनलाइन वर्ग घेते. फेअरफॅक्सपासून हे गाव ५०० किलोमीटरहून दूर आहे, पण दोन्ही शाळा सरकारी यादीत एकाच सदराखाली येतात.

लाउडन काउंटीने २०१८ मध्ये लीसबर्गजवळ ‘अकॅडमीज ऑफ लाउडन’ हे स्वतःचे संकुल उघडले. त्यामुळे तेथील विज्ञानप्रेमी विद्यार्थ्यांना लांबच्या बसप्रवासाला पर्याय मिळाला. तेथील मुलांपुरती थॉमस जेफरसनशी केलेली तुलना ही प्रत्यक्ष निवडीची बाब असते, कारण एकच विद्यार्थी दोन्हीकडे अर्ज करू शकतो. रोअनोकच्या किंवा अ‍ॅबिंग्डनच्या मुलाला तसा पर्यायच नाही.

तुलनेतील अडचणी

‘यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या प्रकाशनाच्या राष्ट्रीय क्रमवारीत थॉमस जेफरसन २०२०, २०२१ आणि २०२२ या वर्षी पहिल्या स्थानी होती. मॅगी वॉकरचे नाव तेथे शोधूनही सापडत नाही, आणि याचे कारण गुणवत्तेत नसून हिशेबात आहे. राज्याच्या लेखी ती स्वतंत्र शाळा नसून प्रादेशिक कार्यक्रम आहे. तिच्या विद्यार्थ्यांचे राज्यपरीक्षांतील गुण त्यांच्या राहत्या भागातील हायस्कूलच्या खाती जमा होतात. अर्धवेळ शाळांच्या बाबतीतही स्वतंत्र गुणपत्रक संभवत नाही. राज्यातील गव्हर्नर्स स्कूलांची क्रमवारी म्हणून जे सांगितले जाते, ते बहुधा एकाच शाळेचे स्थान असते.

या हिशेबाचा आणखी एक परिणाम होतो. फेअरफॅक्समध्ये एखाद्या हायस्कूलच्या परिसरातील सर्वांत हुशार वीस मुले थॉमस जेफरसनला गेली, तर त्या हायस्कूलची सरासरी घसरते. मॅगी वॉकरला गेली, तर मूळ हायस्कूलची कागदोपत्री सरासरी शाबूत राहते. वर्गातून ती मुले दोन्हीकडे सारखीच गेलेली असतात.

क्रमवारीचे सूत्रही पाहण्याजोगे आहे. ‘यू.एस. न्यूज’च्या गणितात महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षांतील सहभाग व यश यांना ३० टक्के आणि राज्यपरीक्षांतील प्रावीण्याला २० टक्के वजन आहे. सामाजिक-आर्थिक स्थिती लक्षात घेता अपेक्षित कामगिरीपेक्षा शाळेने किती अधिक साधले, यालाही २० टक्के आहेत. ज्या शाळेत बीजगणित आधीच आलेली मुलेच येतात, तिला यांतील पहिल्या दोन निकषांवर मागे पडणे जवळजवळ अशक्य आहे.

निवड आणि अध्यापन यांचे परिणाम वेगळे काढण्याचा प्रयत्न अर्थशास्त्रज्ञांनी इतरत्र केला आहे. आतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांनी २०१४ मध्ये बॉस्टन व न्यूयॉर्क येथील परीक्षाधारित शाळांबाबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रवेशरेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. वर राहिलेल्यांना कितीतरी हुशार सहाध्यायी लाभले, तरी पुढील परीक्षांतील गुणांत दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांचे न्यूयॉर्कविषयीचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. व्हर्जिनियात निवड एकाच गुणरेषेवर होत नसल्याने ही पद्धत तेथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. शिवाय हे अभ्यास रेषेवरच्या विद्यार्थ्यांविषयी सांगतात. उपग्रह बांधण्याची किंवा महासंगणकावर काम करण्याची संधी सामान्य हायस्कूलमध्ये मिळत नाही, आणि तिचे मोल परीक्षेच्या गुणांत उतरतेच असे नाही.

२०२३ च्या यादीत थॉमस जेफरसन पाचव्या आणि २०२४ च्या यादीत चौदाव्या स्थानी गेली, तेव्हा हा नव्या प्रवेशपद्धतीचा परिणाम आहे, असे अनेकांनी लिहिले. परंतु २०२४ च्या क्रमवारीसाठी वापरलेली माहिती २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापर्यंतची होती. त्या वर्षी बारावीत असलेले विद्यार्थी २०१८ मध्ये, जुनी परीक्षा देऊन निवडले गेले होते. नव्या पद्धतीने निवडलेली पहिली तुकडी २०२५ मध्ये शाळेतून बाहेर पडली.